भीतीचा हप्ता

गेल्या महिन्यात एका सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि आतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. साड्यांच्या सेलचं असेल म्हणून उचललं. चित्रात एक बाई खिडकीत उभी. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजलेले. बाहेर रस्ता पावसानं ओला, आणि रस्त्यावर कुणीच नाही. वर ठळक अक्षरात एकच ओळ, ‘तो अजून आला नाही?’ खाली बारीक टायपात बरंच काही. अपघात विमा, गाडीचा विमा, मुलांच्या शिक्षणाची पॉलिसी, सगळं म्हणे एकाच ठिकाणी. आणि आमच्याच कराडातल्या एका एजंटचा मोबाइल नंबर.

खरं सांगू? पोटात गोळा आला. कारण त्या खिडकीत मीच तर उभी असते! आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे, बारावीला. संध्याकाळचा क्लास विद्यानगरला, सुटतो साडेआठला. पावणेनऊपर्यंत मी भाकऱ्या करत असते, नऊला गॅस बंद करते आणि सव्वानऊला कुठलं तरी काम काढून गॅलरीत जाते. वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालते म्हणा ना. ज्या कुणी ते चित्र काढलं त्याच्या घरी आई नक्की असणार, असं वाटून गेलं.

पत्रक टाकून न देता फ्रिजवर अडकवून ठेवलं आणि दोन दिवसांनी त्या नंबरवर फोन केला. (जाहिरात कशी काम करते यावर मी लिहायला बसले आहे, तेव्हा ती माझ्यावर चालली हे आधी कबूल केलेलं बरं.) एजंट लगेच आले. ओळखीतलेच निघाले, माणूस सज्जन. चहा झाला, फाइल उघडली. “वहिनी, आजकालचे दिवस बघताय ना. मुलं ऐकत नाहीत. आपल्या हातात काय आहे? आपल्या हातात एवढंच, की उद्या काही झालं तर तयारी पाहिजे.” मी सहज विचारलं, “माझा मुलगा सतराचा आहे. तो आमची स्कूटर घेऊन गेला आणि काही झालं, तर यातली कुठली पॉलिसी पैसे देईल?” त्यांनी कपातल्या उरलेल्या चहाकडे पाहिलं. “तसं काही होत नाही हो वहिनी.”

म्हणजे पत्रकातल्या बाईला जी भीती वाटते आहे, नेमकी तीच सोडून बाकी सगळ्याचा विमा फाइलमध्ये होता.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. कलमांची भाषा माझी नाही. पण बचत गटांच्या कामामुळे तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरांना जाणं होतं, तिथल्या एक वकीलबाई माझ्या मैत्रीण झाल्या आहेत. कपाटातली गाडीची पॉलिसी काढली आणि त्यांच्याकडे जाऊन बसले. जे समजलं ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकींनी ती कागदाची घडी कधी उलगडलेलीच नसते.

गाडीच्या विम्यात सक्तीचा भाग असतो तो थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईसाठी. नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासूनचा. पण चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर मालकानं अट मोडली असं धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलं, की जखमी माणसाला ताटकळत ठेवू नका, कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. बाहेरून वाटतं विमा कंपनीनं दिले. दिलेले असतात उसने! काही निकालांत तर कंपनीला पूर्ण मोकळं केलेलं आहे आणि सगळा भार मालकावर आला आहे.

दुसरा भाग मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा. पंधरा लाखांचं संरक्षण. ते कुणाला? ज्याच्या नावावर गाडी आहे, जो स्वतः चालवतो आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्याला. मुलगा त्यात बसत नाही. एकोणीस वर्षांचा, लायसनवाला असला आणि बापाच्या नावची गाडी चालवत असला, तरीही बसत नाही. त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आणि फक्त थर्ड पार्टीचा विमा असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारीही कंपनीवर येत नाही, असा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मागे कोण बसतं? मैत्रीण, धाकटी बहीण, नाहीतर आपणच.

हे सगळं ऐकताना मला आमच्या गटातली एक ताई आठवत होती. २०२१ ची गोष्ट. तिचा मुलगा सोळाचा. वडिलांची स्कूटर घेऊन दूध घालायला गेला आणि वळणावर सायकलवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडक बसली. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. दावा न्यायाधिकरणात गेला. कंपनीनं पैसे भरले तेव्हा ताईनं गणपतीला नारळ ठेवला, मी स्वतः प्रसाद खाल्ला आहे. आणि पुढे वसुलीची नोटीस आली. साडेचार लाख आणि वर व्याज. नवऱ्यावर फौजदारी चालू होतीच. नोटीस हातात घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं काहीतरी चूक झाली असेल, मी तिला छातीठोकपणे सांगितलं, “अगं, विमा भरलेला आहे ना, मग घाबरतेस कशाला?” त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पैसे कुठून आणले विचाराल? सोसायटीचं कर्ज काढलं, दोन म्हशींतली एक विकली आणि मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी सहा वर्षं हप्ते भरलेली त्याच्याच नावची पॉलिसी मोडली. भरले होते त्यापेक्षा कमी हातात आले. ती पॉलिसी घेतानाही कुणीतरी तिला विचारलं होतं, ‘उद्या तुम्ही नसलात तर याचं काय होईल?’ उद्या ती होती, नवरा होता, मुलगा होता. वेगळंच काहीतरी झालं, आणि त्याचं चित्र कुणी कधी काढलं नव्हतं.

आता हे चित्रांचं शास्त्र जिथे खूप पुढे गेलं आहे त्या अमेरिकेकडे जरा बघू. माझी धाकटी नणंद न्यू जर्सीत एडिसनला असते. तिचा मुलगाही आमच्या चिरंजीवांच्याच वयाचा. तिथे सतराव्या वर्षी मुलांना पहिलं, अटींचं लायसन मिळतं. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत चालवायचं नाही, मोठं माणूस नसेल तर एकच सोबती घ्यायचा, आणि २०१० पासून अशा गाडीच्या नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावावा लागतो, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं. नणंदेला तो स्टिकर आवडत नाही. “आत एकटं पोर बसलंय हे साऱ्या जगाला सांगायचं कशाला?” म्हणते. मला मात्र तो फार आवडला. पण तिचं खरं दुःख वेगळंच, मुलाचं नाव घरच्या पॉलिसीत घातल्याबरोबर विम्याचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला! तिथे विमा कोण चालवणार आहे यावर ठरतो. नवशिका पोरगा म्हणजे कंपनीलाच धोका. म्हणून मग कंपन्या सवलतीही देतात. शाळेत चांगले मार्क असतील तर हप्ता कमी. वेग आणि ब्रेक मोजणारं यंत्र किंवा ॲप चालू ठेवलं तर कमी. मार्कांवर विम्याची सवलत! आपल्याकडे कुणाच्या डोक्यात हे आलं तर दहावीच्या निकालादिवशी पेढ्यांबरोबर हप्त्याचीही चर्चा होईल.

तिथल्या जाहिराती आईबापांच्या काळजाला कशा हात घालतात त्याचे दोन-तीन नमुने गाजलेले आहेत. २००७ मध्ये ऑलस्टेट या मोठ्या कंपनीनं मासिकांत जाहिरात दिली. मेंदूचं चित्र, आणि त्या मेंदूत मोटारीच्या आकाराचं एक भोक. सोळा वर्षांची मुलं मेंदूचा एक तुकडा नसल्यासारखी गाडी का चालवतात, तर तो तुकडा खरंच अजून तयार झालेला नसतो, असा मजकूर. विज्ञान म्हणून त्यात तथ्य आहे. धोका जोखणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग विशी ओलांडल्यावर पक्का होतो. शिवाय त्या जाहिरातीत टप्प्याटप्प्यानं लायसन देणाऱ्या कायद्यांची बाजू घेतलेली होती, हेही खरं. पण त्याच कंपनीनं तीनच वर्षांनी, २०१० मध्ये, ‘मेहेम’ म्हणजे साक्षात ‘गोंधळ’ हे पात्र आणलं. कोट घातलेला एक मिस्कील दांडगट. तो कधी वादळ होतो, कधी आणखी काही, आणि एका जाहिरातीत होतो गुलाबी गाडी चालवणारी किशोरवयीन मुलगी. मैत्रिणीचा मेसेज वाचून चिडते आणि दुसऱ्याची गाडी ठोकते. लोक पोट धरून हसले. आधी घाबरवलं, मग हसवलं, दुकान तेच.

आणि १ फेब्रुवारी २०१५ ला मात्र एक कंपनी घसरली. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा अंतिम सामना म्हणजे आपला वर्ल्डकप समजा. सगळं घर टीव्हीसमोर. त्यात नेशनवाइड या विमा कंपनीची जाहिरात लागली. एक गोड मुलगा सांगतोय, मी सायकल शिकणार नाही, मी लग्न करणार नाही. का? तर तो अपघातात आधीच गेलेला आहे. मग भरून वाहणारा बाथटब, खाली पडलेला टीव्ही. चिप्स खात बसलेल्या आईबापांनी जे काही सुनावलं कंपनीला! कंपनीनं सांगितलं, आम्हाला विमा विकायचा नव्हता, मुलांच्या सुरक्षिततेविषयी बोलणं सुरू करायचं होतं. असेलही. पण खाली नाव तर होतं ना विमा कंपनीचंच?

आपल्याकडचं गणित थोडं निराळं आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे. आपला थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर ठरतो. २०२२ मध्ये ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये ठरवले, मग ती आजोबा चालवोत की नातू. म्हणजे कोण चालवणार हे कंपनीनं विचारायचं कारणच नाही. आपल्या पोरानं नीट गाडी चालवण्यात तिचा अमेरिकेसारखा रोकडा फायदा नाही. तिला आपली भीती हवी, पण ती दुसऱ्याच कुठल्या तरी पॉलिसीसाठी. २००० साली खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हापासूनच्या टीव्हीवरच्या जाहिराती आठवून बघा. ‘सर उठा के जियो’ काय, त्याआधीपासून आयुर्विमा महामंडळाचं ‘जिंदगी के साथ भी, जिंदगी के बाद भी’ काय. शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, कौतुकानं बघणारा बाप. आई बहुधा पडद्याच्या कडेला डबा भरत उभी. आणि शेवटी एका दमात म्हटलेलं ते अजब वाक्य, ‘विमा ही आग्रहाची विषयवस्तू आहे’! कितीतरी वर्षं मला वाटायचं की आग्रह जेवणाच्या पंक्तीतच करतात.

विमा वाईट असं मी म्हणत नाही, उगाच गैरसमज नको. ज्या घरात कमावता माणूस एकच, तिथे साधा मुदतीचा विमा हवाच. माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे, ‘आपल्या हातात काय आहे?’ आपल्या हातात गाडीची किल्ली असते हो. एजंट हे बोलणार नाही, कारण किल्ली खुंटीवर ठेवायला हप्ता लागत नाही.

पण हे लिहिताना मला माझ्या मुलीची आठवण टाळता येत नाही. ती आज एकवीस वर्षांची आहे. ती अकरावीत, सोळा वर्षांची असताना तिच्या हातात स्कूटरची किल्ली मीच ठेवली. नवरा नको म्हणत होता. मी भांडले. पहाटे सहाचा क्लास, त्या वेळेला एसटी नाही, रिक्षा परवडत नाही, आणि थंडीत साडेपाचच्या अंधारात पोरीनं पायी जायचं? कोल्हापूर नाक्यावरची टवाळ पोरं मी बघितलेली होती. मला अपघाताची भीती वाटत नव्हती असं नाही. दुसरी भीती मोठी होती. माझ्यासारख्या किती आयांनी असंच दोन भीतींना तराजूत तोलून किल्ली दिली असेल! आणि भीतीच कशाला, अभिमानही होताच. २००५-०६ च्या सुमारास हिरो होंडाची ‘प्लेझर’ आली, प्रियांका चोप्रा विचारायची, सगळी मजा मुलांनीच का करायची? मला ते मनापासून पटलं होतं. अजूनही पटतं. एक जाहिरात गाडी देऊन मोकळं करते, दुसरी त्याच गाडीची धास्ती घालते, आणि आई दोन्हीकडे गिऱ्हाईक!

“सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन मिळतंच की,” असं आपण एकमेकींना सांगतो. मिळतं. पण कायद्यातली ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आहे. आपल्या लहानपणीची लूना ५० सीसीची होती. आज शोरूममध्ये ज्या स्कूटर दिसतात त्या ११० नाहीतर १२५ सीसीच्या. म्हणजे लायसन खरं, गाडी खरी, पण त्या लायसनवर ती गाडी चालत नाही. माझ्या मुलीकडे असंच लायसन होतं आणि मी दोन वर्षं निर्धास्त झोपले! लायसनशिवाय चालते ती फक्त २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली बॅटरीची गाडी. ती घेताना दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, कागदावर वॅट आणि वेग बघा.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीनं दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. तीनशे शब्दांचा निबंध लिही आणि जा, म्हणून जामीन मिळाला, रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण निघालं. आपण सगळ्यांनी आठवडाभर त्या श्रीमंत आईबापांना नावं ठेवली. मीही ठेवली. पण ज्या कलमाची तेव्हा चर्चा झाली, ते मोटार वाहन कायद्याचं १९९ अ, २०१९ मध्ये आलेलं, ते श्रीमंत-गरीब बघत नाही. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणाल, तर ते आपणच सिद्ध करायचं, न्यायालय आपली संमती होती असंच धरून चालतं. आणि पोर्शसारख्या गाड्या आपल्या गावांत कुठे? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची.

वकीलबाईंकडून आल्यावर मी गटाच्या बैठकीत सगळ्यांना आपापल्या गाडीचे कागद आणायला सांगितले. मुलांचा विषय काढायचा होता, निघालं भलतंच. जवळजवळ प्रत्येकीची गाडी नवऱ्याच्या नावावर. चालवते ती. बाजार, मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं तिच्याच गाडीवर. म्हणजे ते पंधरा लाखांचं संरक्षण नवऱ्याला, आणि तो जातो एसटीनं! काहींकडे तर स्वतःचं लायसनच नव्हतं. मुलाला कुठल्या तोंडानं सांगणार? एकीची पॉलिसी दोन वर्षांपूर्वीच संपलेली निघाली. ती कागदाकडे बघत म्हणाली, “आणि मी मेली रोज पोरांना शाळेत सोडते.” त्या दिवशी भिशी निघाली नाही, चहा तसाच राहिला. पुढच्या सोमवारी सातजणी लर्निंग लायसनच्या फॉर्मसाठी गेल्या, मी त्यांच्याबरोबर होते.

जाता जाता दोन उपयोगाच्या गोष्टी. आयुर्विम्याची पॉलिसी भीतीच्या भरात घेतलीच, तर कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. २०२४ पासून ही मुदत तीस दिवसांची आहे, आधी पंधराच दिवसांची होती. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला, मग तो कुणीही असो, नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. शेजारीपाजारी सांगून ठेवा, त्या वेळी कुणाला सुचत नाही.

एजंटभाऊंचा परवा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, मुलाला अठरा पूर्ण झाली आणि लायसन निघालं, की त्याच्या नावची अपघाताची पॉलिसी तुमच्याकडूनच घेईन, फक्त तोवर ते खिडकीतल्या बाईचं पत्रक वाटू नका. ते हसले. “वहिनी, पत्रक वरून छापून येतं हो.” किल्ली सध्या हरभरा डाळीच्या डब्यात आहे. चिरंजीव सायकलवर जातात, दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. आणि मी सव्वानऊला गॅलरीत जाते.